लाकडावर रानपिंगळा उतरवताना

पहिला रानपिंगळा, म्हणजे रानातलं छोटं घुबड, मी शिवण लाकडाच्या फळीवर तापल्या टोकाने डागला, तेव्हा त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके सोडले आणि पोटावर तपकिरी पट्टे ओढले. चार दिवस खपून पुरं केलेलं चित्र एका पक्षीनिरीक्षक मित्राला दाखवलं. त्याने फळी खिडकीकडे धरली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाला, "काम सुरेख झालंय. पण हा रानपिंगळा नाही, आपल्या चिंचेवरचा पिंगळा आहे." त्याचं बरोबर होतं. गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपकेच ठिपके असतात आणि पोटावर तुटक तपकिरी पट्टे. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, राखट तपकिरी, आणि पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा. घरी येऊन मी डोक्यावरचे ठिपके डागून बुजवले. ते सहज बुजले. पोट मात्र पुन्हा पांढरं करता आलं नाही.

तापल्या टोकाने लाकडावर चित्र काढायच्या या कामाला पायरोग्राफी म्हणतात, आणि त्याचं सगळं मर्म त्या एका फळीत आहे. इथे पांढरा रंग नसतोच. लाकडाचा स्वतःचा उजळपणा हाच पांढरा, आणि तो एकदा डागला की गेला. म्हणून टोक कुठे टेकवायचं यापेक्षा कुठे टेकवायचं नाही, हे आधी ठरवावं लागतं. पुढची सगळी कृती मी याच अंगाने सांगणार आहे.

चित्रासाठी रानपिंगळाच का, तेही सांगतो. ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये या पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन केलं. १८८४ मध्ये खानदेशात जेम्स डेव्हिडसन यांनी काही नमुने गोळा केले आणि त्यानंतर हा पक्षी कुणाला खात्रीने दिसलाच नाही. तो संपला असंच अनेकांनी धरलं होतं. मग नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना तो शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याला पुन्हा सापडला. ११३ वर्षांनी, आणि तोही आपल्या खानदेशात. आज तो तोरणमाळ, यावल, मेळघाट अशा भागांतून नोंदला जातो. 'अतिसंकटग्रस्त' गटातून तो २०१८ मध्ये 'संकटग्रस्त' गटात आला, पण अजून बिनघोर झालेला नाही. लाकडावर काढायला मला याच्याइतका आपला पक्षी दुसरा दिसत नाही.

आधी पाहणं, मग रेघ

सराव रानपिंगळ्यावर करू नका, गावातल्या पिंगळ्यावर करा. दोघे एकाच कुळातले. बसण्याची ढब, मान गर्रकन फिरवणं, भुवयांखालून रोखून बघणं, सगळं जवळचं. पिंगळा तर संध्याकाळी विजेच्या खांबावर, विहिरीच्या कठड्यावर, शाळेच्या पत्र्याखाली बसलेला सापडतोच. वहीचं एक पान घ्या, एचबी पेन्सिल घ्या आणि एका मिनिटात एक असे दहा आकार काढा. तपशील नको. शरीरासाठी एक उभं अंडं, त्यात अर्धं रुतलेलं एक वर्तुळ म्हणजे डोकं, खाली शेपटीची आखूड पट्टी आणि फांदीची एक रेघ. घुबडांना मान दिसत नाही. नवखा माणूस हमखास मान काढतो आणि चित्र पोपटासारखं दिसायला लागतं.

हे आकार हातात बसले की रानपिंगळ्याच्या खुणा त्यावर चढवायच्या. डोकं मोठं आणि जवळजवळ बिनठिपक्यांचं. छातीचा वरचा भाग सलग तपकिरी, पोटाचा मध्य पांढरा, पट्टे फक्त कुशीला. पंखांवर आणि शेपटीवर रुंद, ठसठशीत पांढरे पट्टे. पायांवर दाट पिसं, नख्या भक्कम. लांबी साधारण २३ सेंटिमीटर. डोळे पिवळे. हा पक्षी दिवसाही हिंडतो, त्यामुळे सागाची पानं गळाली की उघड्या फांदीवर भर उजेडात बसलेला दिसू शकतो. दुर्बीण ८ बाय ४२ ची असली तर भरपूर झाली. अभयारण्यात जायचं तर वनखात्याच्या परवानगीने जा. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका, आणि ढोलीजवळ तर अजिबात जाऊ नका. आपल्या चित्रासाठी त्याची वीण मोडली तर त्या चित्राला काही अर्थ राहत नाही.

रेखाटन पुरं झालं की आणखी एक कागद घ्या आणि तेच चित्र फक्त दोन रंगांत काढा, पांढरा आणि करडा. जे कोरं राहणार ते पांढरं, बाकी सगळं करडं. हा कागद काम संपेपर्यंत समोर भिंतीला टाचून ठेवायचा. मी याला 'राखणपत्र' म्हणतो. लाकडाचं राखायचं ते यात असतं. ही पायरी गाळली की हात सुटतो आणि पोट काळं होतं.

फळी

सागवान आपल्याकडे सगळ्यात सहज मिळतं, म्हणून सगळे त्याच्यावरच सुरुवात करतात. मी ती करू नका म्हणेन. सागात तेल असतं, रंग मुळातच गडद असतो, आणि त्याच्या रेषांमध्ये मऊ-कडक असा फरक असतो. टोक मऊ भागात खोल जातं आणि कडक भागावर उडी मारतं, त्यामुळे सरळ ओढलेली रेघही तुटक दिसते. शिवाय गडद लाकडावर रानपिंगळ्याचं पांढरं पोट आणणार कुठून? अंजन आपल्या भागाचं मानाचं झाड, पण त्याचं लाकूड इतकं कठीण आणि काळपट की या कामाला निरुपयोगी. सलईत राळ असते, ती तापली की चिकट धूर सोडते. पॅकिंगच्या पाइनवुडचंही थोडंफार तसंच.

मला सगळ्यात मानवलेलं लाकूड शिवण. फिकं, हलकं, मऊ, पोत सारखा. हेदूही चांगलं, थोडं पिवळसर पण बारीक पोताचं. पांगाऱ्यावर हलकी छटा छान येते, पण तो फार मऊ, टोक दाबलं की खड्डा पडतो. यातलं काहीच मिळालं नाही तर बर्च प्लाय मागवा. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, मात्र नको. त्यात फॉर्मल्डिहाइडयुक्त गोंद असतो आणि तो तापवून हुंगायची गोष्ट नाही. सनमायका, वॉर्निश किंवा रंग लागलेली फळीही नको. परदेशी खोक्यांच्या फळ्या मिळाल्या तर त्यावरचा शिक्का बघा. 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन निर्जंतुक केलेली, ती चालेल. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, तिला हात लावू नका.

लाकूड वखारीतून पावतीसह घ्या, नाहीतर ओळखीच्या सुताराकडचे उरलेले तुकडे मागून आणा. रानातून ओलं लाकूड तोडून आणणं कायद्यानेही चूक आणि कामालाही वाईट. ओल्या फळीवर टोक थंड पडतं आणि डाग फिकट-गडद असा ठिगळासारखा येतो. आमच्या गल्लीतले सुतार फळी हातात घेऊन बोटाने टकटक करतात आणि सांगतात, "आजून वलं शे, भो. दोन महिने जाऊ दे." मी तसंच करतो. खानदेशच्या उन्हाळ्यात फळी सावलीत उभी ठेवली की छान सुकते. उन्हात ठेवू नका, वाकते आणि चिरते. पावसाळ्यात मात्र सुकलेली फळीही दमट होते, तेव्हा कामाच्या आधी दोन दिवस घरात कोरड्या जागी असू द्या.

पहिल्या चित्रासाठी ८ बाय १० इंचांची, १२ मिलिमीटर जाडीची फळी पुरे. तीवर पक्षी १६-१७ सेंटिमीटरचा काढायचा, म्हणजे भोवती हवा राहते. घासताना आधी १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०, मग ३२०, प्रत्येक वेळी रेषेच्याच दिशेने. मग ओल्या फडक्याने फळी हलकी पुसा. वाळल्यावर तिच्यावर बारीक लव उभी राहिलेली हाताला लागेल. तिच्यावरून ३२० पुन्हा एकदा हलक्या हाताने फिरवा. ही लव राहिली तर पुढे प्रत्येक रेघेची कड फिसकारते. घासताना मास्क लावा. सागाची धूळ तर कातडीला आणि श्वासाला दोन्हीला त्रास देते.

हत्यार

सुरुवातीला २५ किंवा ३० वॉटचा सोल्डरिंग आयर्न चालतो. अट एकच, तो कोरा नवा हवा. ज्याने आधी झाळकाम केलंय त्याच्या टोकावर शिसं असतं आणि आपण त्याचाच धूर घेऊ. पितळी टोकांचा संच मिळतो, त्यातलं तिरकं धारदार टोक रेघेसाठी, गोल टोक ठिपक्यासाठी आणि चपटं टोक छटेसाठी. अशा हत्याराची अडचण ही की तापमान आपल्या हातात नसतं आणि पकड टोकापासून लांब पडते, त्यामुळे लिहिल्यासारखं बारीक काम होत नाही.

दोन-तीन चित्रांनंतरही मन रमलं असेल तर तारेच्या टोकाचं यंत्र घ्या. त्यात निक्रोमची बारीक तार तापते, खोक्यावरच्या बटणाने ताप कमी-जास्त करता येतो आणि पकड पेनासारखी असते. पिसांचं काम खऱ्या अर्थाने यानेच होतं. गावाकडे व्होल्टेज खाली-वर होतं तेव्हा टोकाचा तापही हलतो. मी म्हणून सकाळी काम करतो, वीज त्या मानाने स्थिर असते आणि ऊनही उतू जात नसतं.

टोकावर काजळी धरते. ती साफ केली नाही तर रेघ जाड आणि अस्वच्छ येते. जुन्या चामडी चपलेचा तळ जवळ ठेवा आणि दर काही मिनिटांनी टोक त्यावर हलकं ओढा. काजळी घट्ट बसली तर यंत्र बंद करून, टोक गार झाल्यावर अगदी बारीक पॉलिश पेपरने काढा.

जागा, धूर, वारा

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो आणि पंख्याशिवाय बसवत नाही. पण डोक्यावरचा पंखा या कामाचा वैरी आहे. वाऱ्याने टोक गार होतं, एकाच रेघेत तीन छटा येतात आणि धूर तोंडावर येतो. उपाय असा: कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा छोटा पंखा फळीच्या बाजूला, उलट्या तोंडाने लावा, म्हणजे तो वारा सोडणार नाही, धूर ओढून खिडकीबाहेर टाकेल. फळी थोडी तिरकी उभी ठेवा, मान तिच्या थेट वर नेऊ नका. एन ९५ मास्कने धुरातले कण अडतात, वायू अडत नाहीत, तेव्हा मास्क लावून बंद खोलीत बसणं हा उपाय नव्हे. घरात दमेकरी किंवा तान्हं मूल असेल तर ओसरीवर किंवा गच्चीच्या सावलीत बसा.

बोट भाजलं तर वाहत्या गार पाण्याखाली १५-२० मिनिटं धरा. हळद नको, टूथपेस्ट नको. उठताना, फोन घ्यायलाही, आधी बटण बंद करा आणि हत्यार त्याच्या धातूच्या स्टँडवर ठेवा.

सरावाची पट्टी

ज्या फळीवर चित्र काढायचं तिचाच एक उरलेला तुकडा घ्या. दुसऱ्या लाकडावरचा सराव उपयोगी पडत नाही, कारण प्रत्येक लाकूड वेगळ्या तापाला रंग बदलतं. साधारण २०० अंश सेल्सिअसच्या पुढेमागे लाकूड तांबूस व्हायला लागतं, पण आकड्यापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवा. तुकड्यावर सहा चौकोन आखा. पहिला कोरा सोडा. दुसऱ्यात फिकट चहासारखा रंग आणा, मग एकेक पायरी गडद करत सहाव्यात कोळशासारखा काळा. हे सगळं ताप न वाढवता, फक्त हात सावकाश चालवून आणि थरावर थर देऊन करायचं. ताप वाढवून पटकन काळं करायला गेलात तर कडेला करपलेली झळ पसरते आणि ती पांढऱ्या भागात शिरते.

रेघेची सुरुवात हा इथला सगळ्यात अवघड धडा. टोक टेकवून मग ओढलं की सुरुवातीला काळा थेंब पडतो. भिंगरी उडता उडता पाण्याला चोच लावते आणि न थांबता पुढे जाते ना, तसं करायचं. हात हवेतच चालू झालेला असावा, टोक चालतं असतानाच लाकडाला लागावं आणि चालतं असतानाच सुटावं. रेघ नेहमी आपल्याकडे ओढा, पुढे ढकलू नका. वळण आलं तर मनगट न वळवता फळी वळवा. अशा शंभर रेघा काढा. मी खरंच शंभर म्हणतोय. एक संध्याकाळ जाते, पण पुढची कित्येक चित्रं वाचतात.

छटेसाठी चपटं टोक घ्या आणि छोटी छोटी, एकमेकांवर चढणारी वर्तुळं फिरवत राहा. दाब अजिबात नको. हत्याराच्या वजनाइतकाच भार.

चित्र फळीवर उतरवणं

टायपिंगचा निळा कार्बन पेपर वापरू नका, त्याची रेघ खोडली जात नाही आणि तापल्यावर डाग पडतो. रेखाटनाच्या मागच्या बाजूला ४बी पेन्सिल आडवी धरून घासा, कागद फळीवर चिकटपट्टीने बसवा आणि वरून हलक्या हाताने गिरवा. रेघ अगदी फिकी हवी. डागलेल्या जागेखाली राहिलेलं शिसं चमकतं आणि नंतर निघत नाही.

आता राखणपत्र समोर ठेवून पांढऱ्या जागा पक्क्या करायच्या. इथे एक युक्ती सांगतो, ती कळल्यापासून माझं काम बदललं. शाई पूर्ण संपलेली बॉलपेनची रिफिल घ्या आणि जिथे बारीक पांढरी रेघ किंवा ठिपका हवा तिथे लाकडावर जोर देऊन ओढा. बारीक घळ पडते. पुढे चपटं टोक वरून फिरवलं की ते घळीवरून सरकतं, आत शिरत नाही, आणि गडद भागात पांढरी रेघ आपसूक राहते. चोचीभोवतीचे केसासारखे तंतू, भुवयांचे पांढरे केस, पंखावरच्या बारीक कडा यांना दुसरा उपाय नाही. रिफिलमध्ये शाई उरली नाही ना, हे आधी रद्दी कागदावर पाहा.

डोळा, चेहरा, पिसं

डोळ्यापासून सुरुवात करा. डोळा बिघडला तर फळी उलटी करून दुसरी बाजू वापरता येते, तेही फक्त अर्धा तास गेलेला असताना. बुबुळ गोल, काळंभोर, आणि त्यात वरच्या बाजूला मोहरीएवढा कोरा ठिपका. तो ठिपका बुजला की पक्षी मेल्यासारखा दिसतो. पिवळं वर्तुळ जवळजवळ कोरंच ठेवा, वरच्या पापणीच्या सावलीत फक्त किंचित झळ. तिथे हळद लावायचा मोह होईल. लावू नका. हळदीचा रंग उजेडात काही दिवसांत उडतो आणि मागे मळकट डाग ठेवतो. भोवतीची कड पुरेशी गडद असली तर कोरं लाकूडच पिवळं भासतं.

मग चोच, तिच्या दोन्ही बाजूंचे पांढरे तंतू, गालाची चकती. चेहऱ्यावरची पिसं चोचीपासून बाहेरच्या दिशेने फेकल्यासारखी, तांदळाच्या दाण्याएवढ्या रेघांनी. डोक्यावर रेघा आणखी आखूड, सगळ्या मागे झुकलेल्या. डोकं एका छटेत सपाट भरू नका, पण ठिपकेही देऊ नका. आधी चहासारखा फिका हात, मग त्यावर बारीक रेघांचा दुसरा हात, एवढं पुरतं.

छातीचा तपकिरी पट्टा खाली पोटाकडे येताना विरत जावा. इथे मी प्रत्येक वेळी थांबतो, हत्यार ठेवतो आणि चार पावलं मागे जाऊन बघतो. पोटाच्या मध्यात एकही रेघ नको. पोट गोल दिसावं म्हणून काहीतरी करावंसं वाटतं, पण कुशीचे पट्टे नीट वळवले की मधलं कोरं लाकूड स्वतःच फुगीर दिसतं. पट्टे बाहेरून आत येताना फिके आणि बारीक होत जावेत.

पंखावर मात्र काम भरपूर आहे आणि मजाही. आधी प्रत्येक मोठ्या पिसाची कड, मग पांढऱ्या पट्ट्यांच्या जागा रिफिलने आखून घ्यायच्या, मग मधले तपकिरी पट्टे छटेने भरायचे. पिसाचा दांडा कोरा किंवा फिका ठेवा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तिरक्या केसासारख्या रेघा द्या. वरच्या पिसाखाली जिथे खालचं पीस जातं तिथे सावलीचा एक गडद हात. एवढ्याने थर उठून दिसतात. शेपटीलाही हेच.

चूक झाली आणि ती फिकी असली तर कटरच्या नव्या पात्याने हलकं खरवडता येतं, मग ३२० पेपर. गडद चूक निघत नाही. तिच्याभोवती एखादी फांदी किंवा सागाचं वाळकं पान आणता येतं का, ते बघा.

फांदीवर फार वेळ घालवू नका. सालीच्या चार-सहा खडबडीत रेघा, खालच्या बाजूला सावली, झालं.

किनार

माझ्या आजीच्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत गोंदण होतं. तुळस, विंचू, पाच ठिपक्यांचं फूल. सगळं ठिपक्यांनी बांधलेलं. तापल्या टोकाचा स्वभावही ठिपक्याचाच आहे, म्हणून किनारीला गोंदणासारखी शोभणारी दुसरी गोष्ट मला सापडली नाही. घरातल्या म्हाताऱ्या बायकांच्या हातांवरची नक्षी त्यांना विचारून वहीत उतरवून घ्या. त्या पिढीबरोबर ती चाललीय. गोल टोक सरळ उभं टेकवायचं, मनात एक म्हणायचं, उचलायचं. प्रत्येक ठिपक्याला तेवढाच वेळ दिला तरच ठिपके सारखे येतात. गोधडीचा धावदोराही सोपी किनार देतो, आखूड रेघ, तेवढीच मोकळी जागा, पुन्हा रेघ.

दुसरा ठिपका सातपुड्यातल्या होळीचा. अक्कलकुवा तालुक्यात काठी गावची होळी पाहिली असेल तर बुध्या, म्हणजे तिथले नवसाने नाचणारे, डोळ्यांसमोर येतील. अंगभर पांढरे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला वाळके दुधी भोपळे आणि घुंगरं. गोंदणाचा ठिपका डागायचा असतो. इथे उलटं, अंग गडद करायचं आणि ठिपके राखायचे. आधी रिफिलने प्रत्येक ठिपका दाबून घ्या, मोठा ठिपका असेल तर बारीक टोकाने त्याचं कडं काढा, आणि मगच भोवती छटा भरा. वाळक्या दुधीवरसुद्धा हे चित्र फार चांगलं उठतं. त्याची साल फिकी, गुळगुळीत असते आणि कमी तापाला रंग धरते. आतल्या बिया आणि धूळ काढताना तोंडाला फडकं बांधा.

ठिपक्यांचा अभ्यास करायचा तर झाबुआ भागातल्या पिटोलच्या भुरीबाईंची भिल्ल चित्रं पाहा. त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. एकाच प्राण्याच्या अंगात ठिपक्यांच्या दिशा कशा बदलतात, ते बघण्यासारखं आहे. त्यातून रीत शिका, चित्र उचलू नका.

याच्याशी लागून एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. बुध्या नवस फेडायला नाचतात, त्यांचं पालन, म्हणजे व्रत, असतं. छोटा उदेपूर, अलीराजपूरकडचा पिठोरा हा भिंत सजवायचा नमुना नाही, तो विधीने 'लिहिला' जातो. डांगाला लागून असलेल्या भागात शिवेवर वाघदेवाचे कोरीव खांब उभे असतात, त्यावर वाघाबरोबर चंद्र-सूर्य, नाग असतात, आणि वाघबारशीला त्याची पूजा होते. हा देव चहाच्या कपाखालच्या चकतीवर डागू नये. वाघ काढायचा तर रानातला वाघ काढा, पट्टे केसांच्या दिशेने आखूड रेघांनी भरा. देव काढायचा असेल तर त्या गावातल्या मोठ्या माणसांना आधी विचारा, आणि ते नको म्हणाले तर नको. माणसाचं रेखाटन करतानाही तेच. होळीच्या आधी नाचणाऱ्याला विचारा, नाच चालू असताना मध्ये जाऊ नका.

तेल आणि पॉलिश

चित्र पुरं झाल्यावर फळी एक दिवस तशीच ठेवा. पेन्सिलच्या उरलेल्या रेघा पांढऱ्या खोडरबराने काढा आणि मऊ ब्रशने काजळी झटका. ओलं फडकं फिरवू नका, काजळी पोटावर पसरेल.

फिकं लाकूड फिकंच राहावं असं वाटत असेल तर चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तिचे दोन-तीन पातळ हात द्या. ब्लीच केलेली फिकी लाख मिळाली तर उत्तम, साध्या लाखेने थोडा नारिंगी रंग चढतो. स्पिरिट पेट घेतं, तेव्हा हत्याराची पिन आधीच काढलेली हवी. तेल आवडत असेल तर रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड लिनसीड ऑइल म्हणून अळशीचं तेल मिळतं. कच्च्या अळशी तेलाला वाळायला फार दिवस लागतात. पातळ हात द्या, १५-२० मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसा, दोन-तीन दिवस वाळू द्या. तेलाने गडद भाग खुलतो, पण पांढरा थोडा पिवळा पडतो. रानपिंगळ्यासाठी म्हणूनच मी लाख वापरतो, दुधी आणि पाटासाठी तेल.

अळशीच्या तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते वाळताना आतून तापतं आणि आपोआप पेटू शकतं, आणि आपल्या उन्हाळ्यात तर धोका आणखी वाढतो. पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवा किंवा बाहेर दोरीवर पूर्ण पसरून वाळवा.

चित्र थेट ऊन येणाऱ्या भिंतीवर लावू नका. उन्हाने डाग फिकटतो आणि फिकं लाकूड काळवंडतं, म्हणजे राखलेला सगळा पांढरा हळूहळू जातो. फळीच्या मागच्या बाजूला बारीक टोकाने लाकडाचं नाव, पक्ष्याचं नाव, महिना आणि वर्ष लिहा. रानपिंगळा प्रत्यक्ष पाहून काढला असेल तर तसं लिहा, तालुक्याचं नावही लिहा. झाड कुठलं, ढोली कुठे, ते लिहू नका.